अप्पा, मी कोरड्या तळ्याचा फोटो काढला

प्रिय अप्पा,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. दूध संघाचे चेअरमनही जेवायला येणार आहेत, आणि पंगतीत बसल्या बसल्या ते सगळ्यांना सांगणार की पोरीनं बापाचं नाव घालवलं. त्यांनी सांगण्याआधी मीच सांगते. हो, मी कोरड्या तळ्याचा फोटो काढला! आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

तुम्हाला राग येणार, ठाऊक आहे. किती वर्षं संघाच्या कॅलेंडरवर तुम्ही काढलेलाच तळ्याचा फोटो असायचा! दिवाळी झाली की एक दिवस पाटोद्यातला स्टुडिओ बंद ठेवायचा, व्हॅन काढायची, घाट चढून तळ्याला वळसा घालायचा. मी शेजारच्या सीटवर, मांडीवर तुमची कॅमेऱ्याची बॅग. "नंदे, डोळे उघडे ठेव. जागा हाक मारत न्हाई, आपुन हुडकायची अस्ती." सांडव्याच्या वरचं वळण, तिथून तळं सगळ्यात मोठं दिसतं. टेकडीवरचं लिंबाचं झाड, त्याच्या फांदीखालून पाणी आणि पलीकडचे डोंगर. आणि म्हसोबाच्या देवळामागची कड, तिथं मात्र चारनंतरच जायचं, त्याआधी पाणी डोळ्यांत खुपतं. आजही झोपेतून उठवून विचारलंत तर सांगेन.

पण पाऊस झाला नाही की तुम्ही व्हॅनच काढायचा नाहीत. संघाला जुना फोटो द्यायचात. मी विचारलं तर म्हणायचात, "आजारी माणसाचा फोटो काढतेत का कुणी?" विषय संपला! तेव्हा वाद घालायची हिंमत नव्हती. आता आहे, तर तुम्ही नाहीत. भांडायला तरी थांबायचं होतंत ना, अप्पा.

यंदा पावसानं पाठ फिरवली. चेअरमनचा निरोप आला, अप्पांचा जुना एखादा द्या. देता आला असता. मी गाडी काढली.

हो, मी! "बाईमाणसाच्या हातात घाट नको," म्हणायचात ना? तुमच्या तेराव्यानंतर आठवड्यात शिकायला लागले. घाटात पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा तुम्हाला दोन शिव्या घातल्या, आणि मग ती चालू केली.

तुमच्या तिन्ही जागांवर थांबले. तिन्ही ठिकाणी नुसता राखाडी चिखल. पाण्यासाठी हुडकलेल्या जागा त्या, पाणी नसल्यावर त्यांना सांगण्यासारखं काय उरणार? मग तशीच पुढं गेले, खाली बांधाकडं. तिथून तुम्ही नेहमी गाडी पळवायचात. "कावून थांबायचं तिथं? नुसता मातीचा बांध हाय." अप्पा, तुम्ही खोटं बोलत होतात!

बांधावर एक म्हातारी शेळ्या चारत होती. गिरजामावशी. मी कॅमेरा काढला तशी म्हणाली, "तू फोटूवाल्या अप्पाची ना गं? ये की खाली. तुज्या आजीचे दगड दावते."

"आजीचे?"

माझा हात धरून तिनं मला बांधाच्या आतल्या अंगाला नेलं. तळं भरलेलं असलं की हे सगळं पाण्याखाली. वरपासून तळापर्यंत हातानं बसवलेले दगड, ओळीखाली ओळ. "बहात्तरच्या दुष्काळात आमी बसविले," मावशी म्हणाली. "मी नुकतीच नांदायला आलते. तुजी आजी माज्या म्होरं असायची, डोक्यावर टोपलं. मोठ्या घरची सून, पन लाजली न्हाई. दगड कसा बसवायचा त्ये तिनंच दावलं आमाला. हलवून बघ, हलला तर काढ, पुन्ना बसीव."

पाहुण्यांपुढं तुम्ही काय सांगायचात, आठवतं? "आमच्या घरातली बाई कधी दुसऱ्याच्या कामावर गेली न्हाई." लाज वाटत होती का हो? आजीची? का पाणी भरलं की सगळं झाकलं जातं, ते बरं वाटायचं? मी त्या दगडांवर बसून रडले. दुःखानं नाही, रागानं.

दुसऱ्या दिवशी मावशीनं तेव्हाच्या कामावरच्या आणखी पाचजणी गोळा केल्या. सकाळच्या उन्हात सहाजणी दगडांवर उभ्या राहिल्या. "हसायचं का गं?" एकीनं विचारलं. म्हटलं, वाटेल तसं. गिरजामावशी स्वतःची ओळ शोधत खाली उतरली आणि सापडल्यावर तिच्यावर बसलीच, पाय पसरून. खाली भेगाळलेलं तळं. मी तो फोटो काढला. तुम्ही काढलेल्या कुठल्याही फोटोहून तो चांगला आहे.

चेअरमननं तो बघितला आणि कपाळाला हात लावला. "ताई, लोकं हे वर्षभर घरात लावतेत. असलं तळं लावतेत का? अप्पांचा जुना द्या."

"जुना मिळणार नाही."

"कावून?"

"त्यात ह्या बाया दिसत नाहीत."

"अप्पा असते तर..."

"अप्पा नाहीत. स्टुडिओ आता मी चालवते."

मग काय केलं असेल त्यांनी? कुठल्या तरी परदेशातलं तळं छापलं! बर्फाचे डोंगर, लाल कौलांचं घर. पाटोद्याच्या दूध संघाच्या कॅलेंडरवर! मावशी केंद्रावर दूध घालायला गेली आणि विचारती कशी, "ह्ये कुनाचं गाव म्हनायचं?"

मी माझा फोटो मोठा करून सहाजणींना एकेक दिला. त्यांनीच त्यातला एक केंद्रावर नेला आणि कॅलेंडरच्या शेजारी खिळा ठोकायला लावला. केंद्राचा सचिव आडवा आला, तशी मावशी कडाडली, "आमचं दूध चालतंय, आमचं तोंड चालत न्हाई व्हय?" मागं सगळ्या बायका, हातांत किटल्या. फोटो तिथंच आहे.

तुमचे फोटो वाईट होते असं नाही म्हणत मी. कोरड्या सालात लोकांना भिंतीवर तरी पाणी दिसावं, असं वाटत असेल तुम्हाला. तेवढं मला कळतं. पण आजीला झाकलंत, ते मी सोडणार नाही. उद्या चेअरमनना आग्रह करकरून वाढीन. माफी मात्र मागणार नाही, त्यांचीही नाही आणि तुमचीही नाही.

काल मावशीला विचारलं, वरून भरलेलं तळं कसं दिसतं, बघितलंय का कधी? म्हणाली, "आमाला कोन नेणार वर? आमी खालूनच बघितलं."

म्हणून एक शब्द देते तुम्हाला. तळं भरेल त्या साली पहिली फेरी ह्या सहाजणींची. व्हॅनमध्ये दाटीवाटीनं बसवीन, गाडी मी चालवीन, आणि कुठं थांबायचं ते त्या सांगतील.

तुमचं न ऐकणारी,
नंदा