हळदीपर्यंत रोज दोनदा

३१ ऑगस्ट २०२५, रविवार

रश्मी ‘ताई’ म्हणाली! मला! लंडनमधल्या एजवेअरच्या हॉलमध्ये, गणपतीसमोर, हातात मोदकाची प्लेट घेऊन — "ताई, तुम्ही फार दमलेल्या दिसता हो. झोप होते ना नीट?" बाजूला परीक्षित. सतरा वर्षं माझा नवरा होता, आता हिचा होणार. बुटांकडे बघत उभा राहिला.

रश्मी तेहतीसची, मी चव्वेचाळीसची. म्हणून लगेच ताई? मंडळातल्या वैजयंतीने तर आगीत तेल ओतलंच — "हो गं देवयानी, चेहरा अगदी उतरलाय."

घरी येऊन आरशात पाहिलं. खोटं बोलली नव्हती, तेच जास्त झोंबलं. विमानतळावरच्या दुकानात पहाटेपासून जगभरच्या बायकांना कोरियन क्रीम विकते मी. काचेसारखी नितळ ‘ग्लास स्किन’ म्हणजे काय ते घसा सुकेपर्यंत सांगते. आणि माझं स्वतःचं तोंड कालच्या पोळीसारखं!

लग्न २२ नोव्हेंबरला. बारा आठवडे आहेत. बघतेच.

२ सप्टेंबर

सुरुवात केली. आधी तेलाने चेहरा धुवायचा, मग फेसाने, मग टोनरचे सात थर, मग सीरम, मग क्रीम. सीरम गोगलगायीच्या चिकट स्रावाचं. चातुर्मासात कांदा-लसूण सोडलेली मी, गोगलगायीची लाळ तोंडाला फासून बसले आहे. देवा, या पापाचा हिशेब रश्मीकडे माग.

१४ सप्टेंबर

हनुवटीवर पुरळ. सहा. शिव्या घालत सात थर लावले.

३ ऑक्टोबर

उजळलं! खरंच. गाल कसे तुकतुकीत झालेत. सकाळी एका गिऱ्हाइकाने विचारलं, तुम्ही स्वतः कुठलं वापरता? तीन बाटल्या गेल्या.

दिया शाळेतून आली, बॅग खांद्यावरच, माझ्याकडे बघत राहिली. "आई, तुझा चेहरा चमकते! सीरियसली." इथे जन्मलेली पोरगी, व्याकरणाचा आनंद. पण पंधरा वर्षांची मुलगी आईकडे निरखून बघते आणि कौतुक करते, हे काय रोज होतं? दसऱ्याचा फोटो तिनेच टाकला. परीक्षितने पाहिला. लाइक नाही, पण पाहिला.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिया बाबाकडून परत आली. दोन बातम्या.

पहिली — लग्नात ती करवली. स्वतःच्या बापाच्या लग्नात! बाबाची हळद लावून झाली की उरलेली उष्टी हळद तिनेच रश्मीकडे न्यायची. "उष्टी म्हणजे लेफ्टओव्हर? यक!" म्हणाली. तिला नाही सांगितलं, इथे लिहिते — हळदीचं काय घेऊन बसलीस बाई, अख्खा नवराच उष्टा मिळालाय तिला!

दुसरी — "रश्मी विचारते, तुझी आई काय लावते? तिला पण लग्नासाठी तसा ग्लो पाहिजे."

आणि जाता जाता, कानातले हेडफोन न काढता — "बाबा म्हणतो, नेक्स्ट इयरपासून मी तिकडेच राहू. त्यांच्या घराजवळचं सिक्स्थ फॉर्म चांगलं आहे." म्हणजे अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं तिकडेच. तू काय म्हणालीस? "आय डोन्ट नो."

नवरा घेतला. आता लेक. वर माझा ग्लोही पाहिजे!

देते. असा ग्लो देते की अल्बम उघडायची लाज वाटेल.

९ नोव्हेंबर

डबा तयार. ॲसिडमध्ये भिजवलेले कापसाचे पॅड, साठ. चेहऱ्यावर फिरवले की मेलेला थर निघतो. चांगली वस्तू आहे, मी स्वतः वापरते — पण आठवड्यातून एकदा. रोज घासली तर कातडी सोलवटते, आणि सोलवटलेल्या कातडीत हळद मुरते. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मागच्या वर्षी पॅड लावून कढी करायला उभी राहिले, हळदीच्या बोटांनी गाल खाजवला, चार दिवस पिवळी फिरत होते.

तिची हळद शुक्रवारी, लग्न शनिवारी. पांढऱ्या शालूत पिवळीजर्द नवरी!

डब्यात चिठ्ठी ठेवली, मराठीत, वळणदार अक्षरात — "हळदीपर्यंत रोज दोनदा. हळदीच्या सकाळीही चुकवू नकोस. — ताई."

सही करताना इतकं हसू आलं की पेन थांबवावं लागलं. दिया बुधवारी तिकडे जाणार आहे, तिच्या बॅगेत टाकला डबा.

२० नोव्हेंबर

उद्या हळद! सकाळपासून दुकानात गुणगुणतेय. मॅनेजर विचारतोय, लॉटरी लागली का.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चार वाजता दिया आली. टॅक्सीतून उतरली तेव्हा ओढणी तोंडावर. मला वाटलं, नाटक. ओढणी काढली. गाल लालभडक, आणि त्या लालीवर पिवळे पट्टे. कपाळावर तर चक्क हळदीचे डाग बसलेत. डोळे सुजलेले. "आय लुक लाइक अ ब्लडी मँगो," म्हणाली आणि रडायलाच लागली.

डब्यातले निम्मे पॅड तिने आधीच काढून घेतले होते. कपाळावरचे फोड लपवायचे होते म्हणून. "मला पण तुझ्यासारखा स्किन पाहिजे होता." दहा दिवस, रोज दोनदा. आज सकाळीही, जळत होतं तरी. उष्टी हळद घेऊन गेली तेव्हा सगळ्यांनी कौतुकाने तिलाही फासली, करवली म्हणून.

मी विचारलं, वेडे, डब्यावर छापलेलं वाचता येत नाही? आठवड्यातून एकदा लिहिलंय ना!

"वाचलं मी. पण तू लिहिलं होतं ना, ट्वाइस अ डे. तुला जास्त कळते."

आणि रश्मी? तिला काहीच झालं नाही. तिने एकदाच लावला, चुणचुणलं, ठेवून दिला. दियाला दही लावून मांडीवर डोकं घेऊन बसली होती म्हणे अर्धा तास. चिठ्ठी बघायला मागितली, दियाने दिली.

थंड पाणी, दही, व्हॅसलीन, सगळं करून झालं. झोपायच्या आधी दिया म्हणाली, "आई, तुला पण माहीत नव्हतं ना, असं होईल?"

नाही गं, म्हणाले.

माझ्यासारखी नीच बाई मीच.

२२ नोव्हेंबर

सकाळी सहापासून दियाचा मेकअप करत होते. लाली झाकते, पिवळं झाकत नाही. माझा चेहरा मात्र आज आरशात काचेसारखा दिसत होता. थुंकावंसं वाटलं त्यावर.

परीक्षित तिला न्यायला आला होता, गाडीतच बसून. काच खाली करून एवढंच म्हणाला, "हे कसं झालं ते आपण नंतर बोलू." तो सगळं दियाच्या राहण्यावर नेणार, मला माहीत आहे. चिठ्ठी रश्मीकडे आहे. माझ्या अक्षरातली, माझ्या सहीची. तिच्या जागी मी असते तर फ्रेम करून लावली असती.

२३ नोव्हेंबर, रविवार

रश्मीचा मेसेज. सकाळी सव्वाआठला, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी!

"ताई, परीक्षितला मी सांगितलं की पॅड माझेच होते, दियाने न विचारता घेतले. दियाशी बोलून घेतलंय, ती वेगळं सांगणार नाही. ती मला म्हणाली, आईकडून लिहिताना चूक झाली असेल. मी म्हटलं, हो, तसंच असेल. चिठ्ठी फाडून टाकली आहे."

फाडायला कोणी सांगितलं होतं हिला!