डाव्या फुलाचा डिंक

पैल्यांदा खरं लिवतो, मग वाटनी. म्हसोबाचा कौल मी फिरवला. गावानं देवाला इचारलं हुतं, माळ चराईला बंद करायचा का न्हाई. देवाच्या दोन अंगाला दोन फुलं लावायची. उजवं आधी पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाई. त्या दिशी भाऊसो गुरवाला ताप हुता म्हनून देव धुवायला मी गेलो. डाव्या अंगाला, फूल लावायच्या जागी, बाभळीचा डिंक चोपडून ठेवला. भाऊसो घोंगडं पांघरून आला, फुलं त्यानंच लावली. तापात त्याला डिंक दिसला न्हाई. डावं फूल पडायचंच न्हवतं. करायला नको हुतं. केलं.

आता रीतसर. मी अर्जुना नानासो पुकळे, वय वर्सं चोवीस, धंदा शेती आन् शेरडं, रानार चिलारवाडी, तालुका माण, हल्ली मुक्काम मिरजेचा दवाखाना. काळजाची झडप खराब हाय, उद्या सकाळी कापनार हायत. कुनाचा दाब न्हाई, दारू प्यालेलो न्हाई, डोकं जागेवर हाय. गावात इचारलं तर कोन बी सांगंल की ते कवाच जागेवर नव्हतं. पन आज हाय. जिना चढताना दम लागनाऱ्या मानसाला खोड्या सुचत न्हाईत. हा कागद माझी थोरली भैन क्रांती हिनं उघडायचा. ती धावी शिकली, मी सातवीत दोनदा बसून उठलो.

कलम पैलं, जमीन. वढ्याकाठचा तुकडा, दगड जास्ती माती कमी, आईच्या म्हंजी मनुबाईच्या नावानं. तिच्या मागं क्रांतीच्या. लगीन झालं तरी तिच्याच, चुलत्यांनी त्वांड घालू नये. अट एकच, बाजरीत मटकी आन् हुलगा मिसळूनच पेरायचा. पाऊस दगा देतो तवा बाजरी माना टाकती, हुलगा तग धरतो, घरात कायतरी येतं. युरियाचं पोतं बांधावर आलं तर माझं भूत बी बांधावर यील. ते कसं वागंल ह्याचा अंदाज तुमाला हाय.

कलम दुसरं, चुलतभाऊ वीरधवल. मुंबईला आसतो, जत्रंला गॉगल लावून येतो आन् म्हनतो, "लेंड्या गोळा करीत बसलायसा, जग कुठल्या कुठं गेलं." त्याला युरियाचं रिकामं पोतं द्यावं. आईनं त्याची पावसात डोक्यावर घ्यायची खोळ केली हुती. त्या खताचा आमच्या घराला तेवढाच उपेग झाला.

कलम तिसरं, बियान्याची मडकी. राखेत घोळून ठेवलेलं बी हाय. ती माझी न्हाईत, गावाची हायत, नुसती आमच्या घरात ठेवलीत. ज्याची पेरनी वाया गेली त्यानं न्यावं, पिकलं की वाढवून आनून घालावं. क्रांतीनं सांभाळावीत. मटकीच्या मडक्यात शिराळ्याच्या जत्रंतला रबरी साप हाय. न इचारता झाकन उघडनाऱ्या चुलतीसाठी ठेवला हुता. राहू दे.

कलम चवथं, शेरडं. समदी आकाराम मामाला द्यावीत. मामा आमच्या रक्ताचा न्हाई, समद्या गावाचा मामा. मेंढरांचा सगळ्यात मोठा कळप त्याचा, म्हनून बैठकीत आडवा आला त्यो बी त्योच. म्हनला, "माळ बंद केला तर माझ्या मेंढरांनी देवळाच्या पायऱ्या चाटायच्या व्हय?" त्याचं खोटं नव्हतं. पन माळावर तवा गवात उरलंच नव्हतं. पाऊस पडला की माती वढ्याला जायची, दगड आमाला राहायचे. कोन कुनाचं ऐकंना, म्हनून देवावर टाकलं.

उजवं फूल पडलं. मामानं देवाम्होरं डोकं टेकलं. म्होरल्या बाजारी निम्मा कळप म्हसवडला नेऊन इकला आन् नुसती काठी खांद्यावर टाकून माघारी आला. मी येशीत बसलो हुतो. त्या दिसापासनं खोडी केली तरी मला हसू येत न्हाई.

पुढं गवात आलं. त्याचं बी पडेस्तोवर जनावर सोडायचं न्हाई, मग घरटी एक मानूस इळा घेऊन कापायला, हे गावानं पाळलं. मामाची राह्यलेली मेंढरं पाळीपाळीनं एकेकाच्या रानात बसत्यात, लेंड्यांचं खत रानाला, धान्य मामाला. पाऊस हुकला त्या साली आजूबाजूच्या गावांची बैलं बाजारात गेली, आमची वाळल्या गवतावर दावनीला राह्यली. आता मामाच माळ राखतो. कुनी कुरकुरलं की म्हनतो, "म्हसोबाचा सबूद हाय." ते ऐकलं की माझी मान खाली जाती. गाव मानसाचं ऐकत न्हाई, देवाचं ऐकतं. डिंक कळला तर दुसऱ्या दिशी माळावर जनावरं सुटत्याल.

म्हनून क्रांते, आईम्होरं मोठ्यानं वाचशील तवा अगदी वरचं कौलाचं आन् हे कलम गाळ. शेरडं का दिली इचारलं तर सांग, अर्जुनाला मामाची मिशी आवडायची.

कलम पाचवं. मेलो तर राख माळावर पानी मुरवायला खनलेल्या चरात टाका, तिथल्या झाडांना चांगली. रडायचं आसंल तर पेरनी उरकून रडा. मी लय दमलोय, मला घाई न्हाई.

साक्षीदार: जोतीराम पाटील, शिराळा, शेजारच्या खाटंवर, पाय मोडलेला. चष्मा घरी राह्यला म्हनून न वाचता सही केली.
दुसरे: आकाराम काळेल, चिलारवाडी. अक्षरवळख न्हाई, डावा अंगठा.
मुक्काम मिरज, ९ फेब्रुवारी १९९५.
सही: अर्जुना नानासो पुकळे

सही झाल्यावर लिवलेलं. मला दवाखान्यात घिऊन आलेला मामाच हाय, म्हनून साक्षीला त्योच घावला. वाचता येत न्हाई म्हनून मी बी निर्धास्त, शेरडं त्याला दिलीत एवढंच सांगितलं. अंगठ्याची शाई धोतराला पुसत त्यो म्हनला, "समदं लिवलंस?"

"व्हय."

"डिंकाचं बी?"

मी कागद उशाखाली सारला. त्यो खिडकीभायेर बघत बोलला, "कौल झाल्यावर पाया पडाय गेलो तर डावं फूल हलंना. नखानं खरवडलं, कुनी बघायच्या आत. माळाला गवात न्हाई हे मला दिसत नव्हतं व्हय रं? पन चार मानसांत न्हाई म्हनून बसलो हुतो. देवानं माघारी फिरवलं तर त्यात कमीपना न्हाई." मग घोंगडं झटकलं. "शेरडं नगोत मला. तू ये माघारी."

क्रांते, आता हे दोघांचं झालं. माझं फुटलं तर माळ जाईल, पन मला लोक म्हनत्याल अर्जुनाच त्यो. मामाचं फुटलं तर माळ बी जाईल आन् त्याची ताठ मान बी. तुझ्या पाया पडतो, कुनाला सांगू नको. आईला बी नको. म्हसोबाला समदं ठाव हाय, त्यानं आजवर सांगितलं न्हाई. तू बी सांगू नको गं.