एक घोट

१२ एप्रिल १९७४, डोहवाडी

पोचलो एकदाचा! आटपाडीहून एस.टी.नं कराड आणि तिथनं पुढं माझ्याच सायकलीवर. टपावरनं सायकल उतरवताना कंडक्टर करवादला, पण ओरखडा म्हणून नाही. दुकान धाकट्या भावाच्या हवाली केलंय. त्याला पंक्चर काढता येतं, वाकड्या चाकाचा आऊट काढून ते सरळ करता येत नाही. परत गेल्यावर निम्मं गिऱ्हाईक माझ्या नावानं बोंबलत असणार.

लेक अंजना दारातच उभी होती. चांगली भरलीये, तोंडावर तेज आलंय. जावई सयाजी पलटणीतनं रजेवर आलाय. इथं दर जत्रेला जोडीजोडीनं एक शर्यत करतात: पहिल्या दिवशी महाबळेश्वर ते वाई पाठीवर ओझं घेऊन डोंगरातनं चालत, दुसऱ्या दिवशी वाई ते कराड सायकल आणि तिसऱ्या दिवशी कराड ते डोहवाडी नाव. सयाजीचा भाऊ ज्ञानू जोडीदार होता, त्यानं झाडावरनं पडून हात मोडून घेतला. सयाजीनं मला पत्र टाकलं, मामा, सायकल तुमच्याइतकी कोण मारतंय, या.

आलो. गावात चेष्टा सुरू झालीच. एकजण म्हणाला, "म्हातारं वल्हं मारतंय का वल्ह्याला धरून झोपतंय?" मी म्हटलं, झोपलो तरी तुझ्या पुढं असंन. सयाजी खूश झाला. खूश झाला की पाठीत थाप घालायची त्याला सवयच आहे. माझ्या तोंडात सुपारीचं खांड होतं, ते सरळ पोटात गेलं. डोळ्यांतनं पाणी आलं. सगळे हसले, मीपण.

संध्याकाळी कृष्णा बघितली. घाटाखाली काळा डोह आहे. एवढं पाणी एका जागी! परवाच्या दुष्काळात आम्ही तोंड धुतलेलं पाणी शेळीला पाजत होतो. पायऱ्यांवर बसून नुसता बघत राहिलो. अंजना म्हणाली, आण्णा, नजर लावाल नदीला.

१५ एप्रिल

नाव डुलली की माझं पोट डुलतं, पण जमतंय. सयाजी मागं बसून वल्हवतो, मी पुढं.

आज बयाबाई भेटली. तर चालवणाऱ्या नावाड्याची म्हातारी, वाळल्या खारकेसारखी. शर्यतीत ओझं कसलं न्यायचं, ते तिनं सांगितलं. महाबळेश्वरात गाईच्या मुखातनं कृष्णेची धार पडते, ती तांब्याच्या गडूत भरायची. गडूच्या तोंडाला बयाबाई फडकं बांधते, तिच्या स्वतःच्या खास गाठीनं. प्रत्येक जोडीनं आपला गडू तीन दिवस पाठीवर वागवायचा आणि शेवटी डोहात रिता करायचा. त्यातलं प्यायचं नाही. म्हातारी म्हणाली, "तिचं हाय, तिला पोचवायचं. आपुन नुसतं हमाल."

आता सांगा, नदीला पाणी पोचवायचं! आटपाडीत सांगितलं तर मला वेड्यात काढतील. पण ज्याच्या त्याच्या गावचं ज्याच्या त्याच्या गावाला. मी मान हलवली.

१९ एप्रिल, वाई

पाय बधिर झालेत. मन त्याहून.

सकाळी गडू भरले, बयाबाईनं बांधले आणि ती ट्रकमधनं नावांबरोबर कराडला गेली. आम्ही निघालो. गडू सयाजीच्या पाठीवरच्या पलटणी पिट्टूत, पिण्याच्या पाण्याची छागल माझ्या खांद्याला. अर्ध्या डोंगरात करवंदीच्या जाळीत छागल फाटली. सगळं पाणी मातीनं पिऊन टाकलं. वर ऊन असं की दगडाला हात लावला तर पोळावं. ओढे कोरडे. दुपार कलंडता सयाजी बोलायचा थांबला, मग घाम यायचा थांबला, मग खाली पडला. डोळे पांढरे. ओठांवर पापुद्रे.

आसपास माणूस नाही. पाठीवरच्या गडूत पाणी. पाणी असताना माणूस तहानेनं मरू द्यायचा? आमच्याकडं वैऱ्यालासुद्धा असं करत नाहीत. मी गाठ सोडली, त्याच्या तोंडात एक घोट सोडला. एकच. तो उठून बसला. काय पाजलं ते त्याला कळलंच नाही.

खाली एका मळ्यात इंजनावर पाणी चाललं होतं. तेवढा घोट तिथनं गडूत भरला, फडकं परत बांधलं. पाण्यासारखं पाणी. जावई जिवंत आहे, मला तेवढं पुरे.

२० एप्रिल, कराड

सायकलीवर आम्ही सगळ्यांच्या पुढं होतो. आनंद व्हायला हवा होता.

सयाजीला सकाळपासनं ढेकर येताहेत. ढेकरांना चिखलाचा वास. साताऱ्याच्या पुढं तो सारखा थुंकायला लागला. हिरवं. त्याच्या मागं सायकल मारताना एक शिंतोडा माझ्या गालावर उडाला. पुसला तर शेवाळाचा धागा निघाला.

कराडात धर्मशाळेत उतरलो. पाठ चोळून देतो म्हटलं. सदरा काढला आणि हात मागं घेतला. नदीतल्या दगडावर असतो तसला बुळबुळीत थर, मानेपासनं कमरेपर्यंत. पंच्यानं पुसला, खालनं परत पाझरला. भाकरी पुढं ठेवली. एक घास खाल्ला आणि ओकला. काळा गाळ. गाळात शंख, बारके, जिवंत, चालणारे. एक त्याच्या ओठावर चढून परत आत गेला.

मी उठून बाहेर गेलो. पोराला धरायचं सोडून बाहेर गेलो. मला त्याची किळस आली. तो आतनं म्हणत होता, मामा, पित्त झालंय वाटतं, तुमी जेवा.

बयाबाईला बोलावलं. तिनं सयाजीकडं बघितलंच नाही, आधी गडू बघितला. "ही गाठ माझी न्हाई." मी सगळं सांगितलं. ती चिडली नाही, तेच वाईट. म्हणाली, तिचं पाणी माणसात राहिलं की ती तिथंच तळ करती. गाळ, शेवाळ, किडं, समदं. मग एका घोटापायी अख्खा माणूस डोहात नेती. नावेनं न्या, न्हाईतर बैलगाडीनं न्या, घरी नेऊन कोंडा. खाटंवरसुदिक बुडंल.

उपाय विचारला. तिनं सांगितला. तेव्हापासनं माझ्या तोंडाला चव नाही.

ज्यानं पाजलं त्यानं तो घोट परत घ्यायचा. तोंडानं, त्याच्या तोंडातनं. आणि डोहात सोडायचा. वाटेत थुंकायचा नाही, गिळायचा नाही. गिळला तर पाजणारा बी गेला, पिणारा बी गेला.

२१ एप्रिल, सकाळ

सयाजी जागा होत नाही. उशी भिजलीये. कानातनं पाणी. पोट टम्म, दाबलं की आत काहीतरी सरकतं. नखं हिरवी.

दोनदा वाकलो. दोनदा परत आलो. वास — मेलेल्या मासळीचा, उन्हात आठवडाभर — मला जमत नाही. त्याचे ओठ फुगलेत, पांढरे, आणि कडेला —

अंजना घाटावर वाट बघत असंल.

बयाबाई म्हणते, नाव तयार हाय. आता न्हाईतर न्हाई.

२१ एप्रिल, नावेत

घेतलं.

तोंड बंद आहे म्हणून लिहितो. लिहिलं की ध्यान हातात राहतं, तोंडात जात नाही.

ओठ चिकटले. आधी गार. मग जाड. एक घोट दिला होता, हा एक घोट नव्हता, गाल फुगून आले तरी येतच होतं. मागनं काहीतरी लांब आलं. ते पण आत घेतलं.

सयाजीनं डोळे उघडले. लगेच भूक लागली म्हणाला! निघताना बयाबाईनं काठावरनं भाकरी दिली. आता एकटा वल्हवतोय. "मामा, बसा निवांत, तुमी लय दमलाय." अंग कोरडं झालंय त्याचं. रंग परत आलाय.

त्याला सांगितलं नाही. कळलं तर हा पोरगा ते परत स्वतःच्या तोंडात घेईल. असलाच आहे तो.

थोड्या वेळानं

नाकानं श्वास. नाकात पण उतरतंय.

लांबडं जिभेखाली वेटोळं घालून बसलंय. मधनंच पडजिभेला तोंड लावतं. चोखतं.

उमासा येतो. दात आवळतो. उमाशाचं पाणी पण त्यातच साठतं, जागा नाही —

सयाजी विचारतो, तोंडात विडा धरलाय व्हय? बोला की मामा, पहिला नंबर हाय आपला! मी मान हलवतो. हळू. जोरात हलवली तर —

सुपारी आठव. सुपारीची चव. येत नाही.

नंतर

हिरड्यांना चिकटून बारीक दाणे. अंडी. एकेक फुटतंय. कळतंय मला. जिभेवर पाय — खूप पाय —

घाट दिसला. माणसं. हलगी वाजतीये. हिरवं लुगडं, ती अंजना. हात हलवतीये. आण्णा आण्णा ओरडतीये.

डोह आला. पाणी काळं. बस, एवढं काठावरनं वाकायचं. वाकतो. थांब, नाव डुलते — आधी धरून — वही ठेव —

पुढं कुणी नाही. जिंकलो. सयाजीनं वल्हं टाकलं. उठला. हसतोय, लेकरू. नाव हलली. माझ्याकडंच येतोय — हात उचलला —

नको. पाठीत नको सयाजी पाठीत न