बिनकण्यांचा तास

रविवार, १७ नोव्हेंबर

प्रिय प्राध्यापिकाबाई,

सप्रेम नमस्कार. मी ठीक, घर ठीक, गॅस संपत आलाय.

सर्वप्रथम तुझ्या खेकड्याविरुद्ध रीतसर तक्रार. गेल्या सोमवारी तो टाकीत निश्चल पडलेला दिसला. काडीने ढोसलं, हलेना. पाय, नांग्या, डोळे जागच्या जागी, फक्त प्राण तेवढे नाहीत. मी त्याला गॅलरीतल्या कुंडीत पुरलं आणि चार शब्द संस्कृतात बोललो. त्याला ते कळले नसतील. पण माझ्या विद्यार्थ्यांनाही कळत नाहीत, तेव्हा मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दगडाखालून देठांवरचे दोन डोळे वर आले नि माझ्याकडे बघू लागले. गृहस्थाने नुसतं जुनं कवच टाकलं होतं! मी त्याच्या कपड्यांचा अंत्यविधी केला होता. जाताना तू टाकीवर ‘दिवसाआड खायला घाल’ अशी चिठ्ठी लावलीस. प्राणी आतून निघून जातो आणि हुबेहूब स्वतःसारखं काहीतरी मागे ठेवतो, हे सांगायचं राहिलं.

शेजारच्या काकूंनी विचारलंच, “कुंडीत काय पुरलंस रे?”

“खेकडा.”

“मग टाकीत कोण आहे?”

“तोच.”

काकूंनी एकदा कुंडीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “तिला लवकर बोलावून घे, बाबा.”

तर तुझं पत्र मंगळवारी पोचलं. समुद्र-संशोधन केंद्रातलं तुझं वर्ष संपत आलंय, ते लोक तुला आणखी पाच वर्षं ठेवून घ्यायला तयार आहेत, आणि तू विचारतेस, ‘मी राहू का?’ त्याकडे येतोच. पण आधी कॉलेजची बातमी.

तुझ्या जागी आलेल्या बाई नोकरी सोडून गेल्या. प्राचार्यांनी मला बोलावलं. “सर, अपृष्ठवंशीय प्राण्यांचं प्रकरण तुम्ही घ्या.”

“मी संस्कृत शिकवतो.”

“म्हणूनच तर! संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी... सगळी तुमचीच मंडळी.”

तुझ्या कपाटातल्या बरण्या घेऊन वर्गात गेलो. आधी स्पंज. अंगभर छिद्रं, त्यांतून पाणी आत येतं, वरच्या तोंडाने बाहेर जातं, आणि मोठा झाला की हा कायम एकाच जागी. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, तुमच्यासारखाच!” तिला बाहेर काढणार होतो, पण निरीक्षण बरं होतं.

जेलीफिशला तोंड एकच, आवक-जावक त्याच वाटेने. चपटे कृमी आणि गोल कृमी मी भरभर उरकले, डब्याची वेळ झाली होती. गांडुळाची वलयं मोजण्यावरून दोन बाकांत भांडण लागलं. संधिपादांवर मात्र मी आता अधिकारवाणीने बोलतो. सांगाडा अंगाबाहेर; वाढायचं तर तो फोडूनच निघावं लागतं. हे सांगताना तू पाठवलेला फोटो डोळ्यांसमोर आला. केस आखूड, उन्हाने रापलेली, कमरेइतक्या पाण्यात उभी राहून हसते आहेस. आपल्या घरातल्या एकाही फोटोत तू इतकं तोंड उघडून हसलेली नाहीस. मी सगळे काढून बघितले.

मृदुकायांत ऑक्टोपस आला. त्याला तीन हृदयं असतात म्हटल्यावर तीच मुलगी पुन्हा उभी. “सर, मग त्याला आठवणही तिप्पट येत असेल?”

“परीक्षेत हे विचारत नाहीत,” मी म्हणालो, आणि फळा पुसला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

तारामाशाला डोकं नाही, मेंदू नाही, तरी त्याचं व्यवस्थित चालतं. माझंही चालतं. पलंगाच्या तुझ्या बाजूला आता शब्दकोश झोपतात. ते घोरत नाहीत, ही एक सोय. कुशीवर वळून काही बोलतही नाहीत.

आता तुझा प्रश्न. राहा. असं काम पुन्हा चालून येणार नाही, आणि तुझ्याइतकं ते कुणाला शोभणारही नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिता आलं असतं. पण मग पत्र तिथेच संपलं असतं, आणि मला तुझ्याशी आणखी थोडा वेळ बोलायचं होतं.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घड्या फाटायला आल्या. बोट, खोली, खिडकीतून दिसणारं पाणी, तिथल्या स्वयंपाकीणबाईंचं गुडघेदुखीचं औषधसुद्धा त्यात आहे. ‘मी राहू का?’ हेही आहे. ‘तू येशील का?’ हे मात्र नाही. मी शोधलं, पानाच्या मागेही बघितलं.

मला सगळे जागचा न हलणारा समजतात. तूही समजत असशील, म्हणून विचारलं नसेल, अशी मी समजूत घालून घेतो. पण विचारावंसंच वाटलं नसेल तर? पाच वर्षांची नाही, बाई, मला काळजी आहे ती ह्याची.

‘उत्तराची घाई नाही’ असं लिहायची रीत आहे. मला घाई आहे.

तुझा,
मी