आराकुरीचा शेवटचा इकार

मी, विनया शिरीष परचुरे, वय सेहेचाळीस, राहणार पामर्स्टन नॉर्थ, न्यूझीलंड, हे कोणाच्या सांगण्यावरून वा दडपणाखाली नव्हे, तर माझ्या मनाने लिहिते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मोटर न्यूरॉनच्या आजाराने आधी जीभ धरली. हात अजून चालतो, म्हणून आत्ताच लिहिते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. इंग्रजी भाषांतर वकील करून घेतील. दोन्हींच्या अर्थामध्ये फरक पडल्यास हा मराठी मजकूर खरा धरावा.

१. घर माझे व पती शिरीष यांचे सामाईक आहे. माझ्या पश्चात ते त्यांचेच. गॅरेज आवरावे, ही विनंती समजावी, अट नव्हे.

२. किवीसेव्हर या निवृत्ती-बचत योजनेतील माझी सर्व रक्कम मुलगी अस्मिता हिला. 'शिक्षणासाठीच वापरावी' असे याच कागदावर आधी लिहिले होते, ते खोडले आहे. तिचे तिने ठरवावे.

३. पितळी पुरणयंत्र माझ्या चुलतजाऊ सुलभावहिनी यांना. त्यांनी ते दोनदा नेले आणि दोन्ही वेळा जाळी वाकवून आणले. आता वाकवायला त्यांचेच. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "विनयाचं काय बाई, रविवार आला की निघाली ओसाड गावांची श्राद्धं घालायला!" मला लागले होते. पण वाक्य चांगले होते, हे नाकारता येत नाही.

४. माती काढायचे गिरमिट मी नोकरी करते त्या संस्थेचे आहे, ते परत करावे. त्याच्यामुळेच हे सगळे सुरू झाले. शेतांवरून मातीचे नमुने आणणे हे माझे काम. पिशव्यांवर शेतकरी जागेचे नाव लिहीत, आणि त्यातली काही नावे कुठल्याच नव्या नकाशात नसत. विचारले की म्हणत, "अगं, इथे पोस्ट ऑफिस होतं ना!" पोस्ट ऑफिस म्हणजे बहुधा दुकानाच्या पडवीतली एक खिडकी. दोन गावांची नावे सारखी निघून टपाल चुकू लागले की टपालखाते एकाचे नाव बदलून टाकी. पुढे खिडकीही बंद होई. जुने नाव आधीच गेलेले असे, नवे खिडकीबरोबर जाई.

५. जुन्या मोजणी नकाशांचे ताव, एकूण एक, ज्यांवर मी अशी नावे पेन्सिलीने लिहिली आहेत, त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल.

नावे मी देवनागरीत लिहिली. इथल्या मूळ माओरी भाषेत स्वर लांब की आखूड यावर अर्थ बदलतो, आणि जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ते कळत नाही. देवनागरीत निदान इकार-उकार तरी चोख लिहिता येतात, असा माझा अभिमान होता.

त्यातले एक नाव आराकुरी. खात्याने त्याचे डन्स कॉर्नर केले, आता तिथे नुसता तिठा आहे. मूळ नाव मला तिथेच जन्मलेल्या नॅनी हूरिया, म्हणजे हूरियाआजी, यांनी सांगितले. मी फोन रेकॉर्डिंगला लावत होते, तर म्हणाल्या, "मशीन ठेव बाजूला, डिअर. देवाने कान दिलेत ना तुला?" मी ऐकले आणि लिहिले. २०१६ साली त्या गेल्या.

यंदा तिथल्या इतिहासप्रेमी मंडळींनी तिठ्यावर जुन्या नावाचा फलक लावायचे ठरवले आणि मला विचारले, शेवटच्या स्वरावर दीर्घाची आडवी रेघ द्यायची का? आरा म्हणजे वाट. दीर्घ असेल तर कुरी म्हणजे कुत्रा, म्हणजे ती कुत्र्याची वाट. ऱ्हस्व असेल तर दुसरेच काही, कदाचित कोणा पूर्वजाचे नाव. मी नकाशा उघडला. 'री' दीर्घ. 'होय' असे उत्तर लिहायला घेतले आणि हात थांबला.

मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घच लिहितात. माझी आई शाळेत मराठी शिकवायची. तो नियम तिने माझ्या बोटांत घातला होता. नॅनींनी काहीही म्हटले असते तरी मी 'री'च लिहिली असती. सगळे ताव तपासले. इकाराने वा उकाराने संपणारे एकही नाव ऱ्हस्व नाही. सगळीच नावे दीर्घ संपावीत, हे शक्यच नाही.

नॅनींची भाची मेरे हिला कळवले. तिचे उत्तर आले: "आम्ही लहानपणीच शहरात आलो गं. तिच्या तोंडून ते ऐकलेली आता तूच."

अस्मिता म्हणाली, "आई, डोन्ट थिंक. ती म्हणाली तसं जस्ट से इट."

मी म्हटले.

"सी? लाँग आहे!"

"आता तुझं नाव म्हणते. ऐक."

ते 'अस्मीता' असे आले. अस्मिता म्हणाली, "हेही लाँग."

आजाराने जीभ धरल्यापासून मी सगळेच लांब बोलते.

६. म्हणून हे ताव मेरे व तिच्या कुटुंबाला द्यावेत. नावे त्यांची आहेत. देण्यापूर्वी शिरीषने ती मोठ्याने वाचावीत आणि अस्मिताने इंग्रजी अक्षरांत उतरवावीत, कारण तिला मराठी समजते, वाचता येत नाही. शिरीष, 'बघू सावकाश' म्हणू नकोस. आतले इकार-उकार विश्वासाचे आहेत, शेवटचे नाहीत, असे प्रत्येक तावावर लिहावे.

७. फलकाबद्दल मंडळींना कळवावे की मला माहीत नाही. 'विनयाला दीर्घ वाटत होते' असेही कोणी सांगू नये. ते मला नाही, माझ्या शाळेला वाटते.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शिरीषने करावी.

सही: विनया शिरीष परचुरे

आम्ही दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर होतो. आम्हांला यातून काही मिळणार नाही. मी, चंद्रशेखर, सर्व मजकूर विनयाताईंना वाचून दाखवला. गावाच्या नावापाशी त्यांनी हाताने थांबवले. मी ते लांब म्हटले, मग आखूड म्हटले, पुन्हा लांब. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी मान हलवली, होय अशी नव्हे, नाही अशीही नव्हे, आणि पेन मागितले.

साक्षीदार: चंद्रशेखर नवाथे (सही)
साक्षीदार: सुरुची नवाथे (सही)

पामर्स्टन नॉर्थ, २१ सप्टेंबर २०१९