सपाट म्हणून लिहिलेला रस्ता

आबा, मी सायकल चालवायला शिकलो. एकोणपन्नासाव्या वर्षी हे वाक्य लिहिताना हसू येतं, पण तुम्हाला काही सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी लागेल. तुम्ही गेलात तेव्हा मी दहिवडीत मोटारी भरायचं दुकान नुकतंच टाकलं होतं. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की शेतकरी ती बैलगाडीत घालून आणायचे आणि मी बसल्या जागी तिची तार उलगडून नवी भरायचो. बसून करायचं काम म्हणून तुम्हीच ते माझ्यासाठी शोधलं होतं. दुकान अजून चालतं, रोज सकाळी आधी पंचशील म्हणतो आणि मग उघडतो. फक्त आता माझ्या मागच्या भिंतीला एक सायकल टेकलेली असते आणि ती माझी आहे.

साधी सायकल नाही. भंगारात जीपचा एक जुना डायनामो मिळाला होता. तो मूळचा वीज तयार करणारा, पण त्याची तार बदलून भरली की तोच वीज खाऊन फिरायला लागतो. तो मागच्या चाकाला साखळीने जोडला आणि कॅरिअरवर मोटारगाडीची बॅटरी बसवली. हँडलला दोन टप्प्यांचं बटण आहे, एक हळू आणि एक जोरात. लोखंडाचं काम शेजारच्या फौजीने केलं. पलटणीतून पेन्शनवर आलेला माणूस, त्याचं वेल्डिंगचं दुकान माझ्या दुकानाला लागून आहे. तो म्हणाला, "गड्या, ही सायकल हाय का रणगाडा? उचलायला चार जवान लागत्याल." तरी शाळेच्या मैदानावर महिनाभर रोज सकाळी माझ्यामागे पळाला तोच. डाव्या पायात जोर नाही, म्हणून उजवा टेकवून थांबायचं आणि उजव्यानेच रेटा देऊन निघायचं, एवढं जमायला तो महिना गेला. सातव्या का आठव्या दिवशी त्याने न सांगता हात सोडला. मी मैदानाच्या टोकाला पोचलो आणि मागे वळून बघायला गेलो, तेव्हाच पडलो. घरी आलो तर तुमच्या सुनेने खरचटलेल्या कोपराला हळद लावली आणि म्हणाली, "आवं, लोकांची पोरं ह्या वयात नातवंडं खेळवत्यात."

मग फाल्गुनात मी वही घेतली. आबा, तुमचा मुलगा आयुष्यभर दुसऱ्याच्या वाहनावर बसून फिरला. एसटीने जिथे नेलं तिथे उतरला, फौजीची फटफटी जिथे वळली तिकडे वळला. आपल्या मनाने एखाद्या झाडाखाली थांबलो असं कधी झालं नाही. आपल्या माण तालुक्यात बघायला काय आहे असं लोक म्हणतात, आणि उन्हाळ्यात तर म्हणतातच. पण ह्याच दिवसांत कडुलिंबाला तांबूस पालवी येते आणि फुलांचा सडा पडतो. पांगारा पान नसताना लाल होतो. टेकडीच्या कडेला राहिलेला पळस लांबून विझत आलेल्या शेकोटीसारखा दिसतो. हे सगळं मी खिडकीतून पळताना पाहिलं होतं. आता ते थांबून बघायचं होतं. चैत्रात तीन फेऱ्या करायच्या ठरवल्या आणि प्रत्येकीला वहीचं एक पान दिलं. सावली कुठे, पिण्याचं पाणी कुठे, चढ कुठे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओळखीच्या घरात बॅटरी लावायला विजेचा प्लग कुठे, हे सगळं त्यावर मांडलं. बॅटरी भरायला आठ तास लागतात, वीज मध्येच जाते ती वेगळीच. त्यामुळे जिथे मुक्काम करता येईल तिथेच लांबचा रस्ता संपवायचा.

एक फेरी घाटाच्या तोंडापर्यंत. तिथून खाली फलटणचा हिरवा ऊस दिसतो आणि मागे वळलं की आपलं माळरान. एक थेट कवठे महांकाळला, तुमच्या सुनेच्या माहेरी, वाटेत दोन मुक्काम करून. चार्जर जड आहे, तो सायकलवर मावत नाही. म्हणून ठरलं की ती चार्जर घेऊन एसटीने पुढे जाईल आणि प्रत्येक मुक्कामावर माझी वाट बघेल. "म्हंजी नवरा मागनं, आन त्येचा जीव माज्या पिशवीत," ती म्हणाली. पण ह्या दोन्हींच्या आधी आपल्या गावची फेरी, कारण ती सगळ्यात सोपी होती. दहिवडी ते आपलं गाव नऊ किलोमीटर. तो रस्ता कुणाला विचारायची गरज नव्हती. पाचवीपासून अकरावीपर्यंत तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी तो रोज पाहिला होता. पानावर चढाच्या रकान्यात मी एकच शब्द लिहिला, सपाट.

तो रस्ता तुमचाच होता. तुम्ही मैलकुली. खड्डे भरायचे, कडेचं गवत काढायचं, मोऱ्या साफ ठेवायच्या, सरकारने लावलेल्या कडुलिंबांना उन्हाळ्यात पाणी घालायचं. काम सुरू व्हायच्या आत मला शाळेत सोडायचं म्हणून आपण दिवस उगवताना निघायचो. कॅरिअरवर तुम्ही गोणपाटाची गादी शिवली होती. माझा डावा पाय चाकाच्या तारांत जाऊ नये म्हणून एक लोखंडी दांडी बसवून घेतली होती, तिच्यावर पाय ठेवून तुम्ही तो आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने अलगद बांधायचा. एकदा मी शाळा सुटल्यावर तुमची वाट न बघता एका ओळखीच्या बैलगाडीत बसून अर्ध्या रस्त्यापर्यंत आलो होतो. गाडीवाल्याने मला दया करून घेतलं होतं आणि तसं बोलूनही दाखवलं होतं. तुम्ही मला गाडीतून उतरवून घेतलंत. त्या माणसाला काही बोलला नाहीत. मला म्हणालात, "कुणी कीव करून बसीवलं तर बसायचं न्हाई. म्या हाय तवर माज्या सायकलीवर, आन म्होरं तुज्या तू." तेव्हा मला ते फार लागलं होतं. माझ्या मी म्हणजे कसं, हे तुम्हालाही ठाऊक नसणार.

एक गोष्ट मला त्या सात वर्षांत कळली नव्हती. सकाळी तुम्ही बोलायचा नाहीत. गाव सोडलं की वाटेतल्या काळ्या मोरीपर्यंत दोन-चार शब्द, आणि मोरी ओलांडली की अगदी गप्प. मी पाठीमागून काही विचारलं तर "हं" एवढंच. शाळेपाशी उतरवतानाही तोंडातून शब्द निघायचा नाही, नुसता डोक्यावर हात ठेवायचा. आणि संध्याकाळी येताना मात्र हेच आबा गप्पा मारायचे, विहारात म्हणायची गाणी म्हणायचे, कुठल्या झाडावर कसलं घरटं आहे ते दाखवायचे. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की सकाळी तुम्ही माझ्यावर रागावलेले असता. रोज एवढं ओझं वाहायचं, मग माणूस रागावणारच. त्या समजुतीवर मी शाळेची सगळी वर्षं काढली, आबा. तुमच्या समोर कधी बोललो नाही.

ठरल्या दिवशी सकाळी मी एकटा निघालो. फौजी फटफटी घेऊन मागून येतो म्हणत होता, त्याला नको म्हटलं. जाताना काय सांगू! हळूचं बटणसुद्धा पुरत होतं, कधी कधी तर तेही बंद करून सायकल आपली आपण चालत होती. तुमचे कडुलिंब आता दोन्ही बाजूंनी एकमेकांना भिडलेत. खाली फुलं पडून रस्ता पांढरा झाला होता आणि चाकाखाली ती चिरडली की कडवट गोड वास यायचा. मी तीनदा थांबलो. काही काम नव्हतं, नुसता थांबलो. गावात विहारात जाऊन वंदना केली, चुलत्यांकडे चहा घेतला. काचेच्या नळीने बॅटरीचं पाणी तपासलं तर विजेच्या तीन भागांतला एकच भाग उतरला होता. वहीत अभिमानाने लिहिलं, येताना भरपूर शिल्लक राहील.

येताना काळी मोरी ओलांडली आणि सायकल रडायला लागली. मला वाटलं साखळी अडकली. जोराचं बटण दाबलं, तशी थोडी पुढे गेली, मग डायनामोतून तारेवरच्या जळक्या वार्निशचा वास आला. हा वास मला झोपेतही ओळखू येतो. बटण सोडलं, पाय टेकला. आणि सायकल मागे जायला लागली. रस्ता डोळ्यांना सपाट दिसत होता, पण सायकल मागे जात होती. सगळा लांबच लांब चढ होता, आबा. एसटीत आणि फटफटीवर कधी जाणवला नाही, कारण तिथे चढ इंजिन चढतं.

कडेला एक म्हातारा मेंढरं घेऊन सावलीला बसला होता. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "पावनं, हितं समद्यांचा दम निगतुया. कुटलं म्हनायचं तुमी?"

मी गाव सांगितलं, मैलकुलीचा मुलगा म्हणून सांगितलं.

"आगं बाबौ! म्हंजी कॅरेलवर बसायचं त्ये पोरगं?" त्याने काठी खाली ठेवली. "आवं, आमी तवा हितंच मेंढरं घिऊन आसायचो. रोज पैज लावायचो, आज तुमचा बा उतरतुया का बगा म्हनून. त्वांड लालबुंद, छाती भात्यावानी. पर उतरला न्हाई कवा. एकडाव म्या म्हनलं, आरं गड्या, उतरून ढकल की. तर तवा काय बोलला न्हाई. दुपारच्याला एकटाच हितं कामावर आला तवा म्हनला, म्या उतरलो तर पोरगं म्हनल मी बी उतरतो. आन उतरलं मंजी त्या पायानं चालल."

मी सायकल कडुलिंबाला टेकवली. म्हाताऱ्याला गप्प बसवेना. "आन आता तुमाला कोन वढायचं? ह्यो डबा तर मेला," असं म्हणून स्वतःच हसला.

मी तिथे तासभर बसलो. त्याने भाकरी आणि मिरचीचा खरडा दिला. ती कीव नव्हती, तो स्वतः जेवायलाच बसला होता. तुम्ही रागावलेले नव्हता. तुमच्याजवळ बोलायला श्वास नव्हता. सात वर्षं रोज सकाळी माझ्या नाकासमोर तुमचा खाकी सदरा भिजत होता, आणि त्या ओल्या पाठीवरून मी काय वाचलं तर राग. शेवटी एका एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला आणि फौजी येऊन मला टेम्पोत घालून घेऊन गेला. सायकल मागे आडवी, तिच्याशेजारी मी. त्या दिवशी घरी कुणी चेष्टा केली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

ह्यापुढचं मी बसून केलं, माझ्या धंद्याने केलं. डायनामो उघडला, तार जाड घालून पुन्हा भरला. मागचं दातेरी चक्र मोठं बसवलं, म्हणजे वेग निम्मा होतो पण जोर वाढतो. उजव्या पायडलला चामड्याचा पट्टा लावला, म्हणजे एका पायाने खाली दाबताही येतं आणि वर ओढताही येतं. फौजी म्हणाला, "तुला टेम्पोच्या पैल्या सीटवर बसवून दावतो की चढ, कशाला जिवाला घोर?" मी म्हटलं, चढ बघायचा नाही, चढायचा आहे. त्याने पुढे वाद घातला नाही. तुमची सून नुसती एवढंच म्हणाली, "जयंतीला जावा. झेंड्याला पोचा आन परत या."

जयंतीच्या सकाळी गेलो. विहारासमोर झेंडा चढला तेव्हा मी सायकलजवळ उभा होतो, आणि पोरं बॅटरीला हात लावून बघत होती. चार जणांनी विचारलं, कुणी आणून सोडलं? चौघांनाही सांगितलं, माझा मी आलो. पण माझं लक्ष झेंड्यापेक्षा परतीच्या रस्त्याकडे होतं, हे कबूल करतो. ऊन चढायच्या आत निघालो. मोरी आली. हळूचं बटण दाबलं आणि उजवा पाय चालू केला. माणूस पायी चालेल एवढाच वेग. मेंढरं त्या दिवशी तिथे नव्हती, बघायला कुणीच नव्हतं. दोनदा वाटलं आता थांबते, दोनदा पट्ट्यातला पाय वर ओढला आणि चाक फिरत राहिलं. तोंडात घाम जात होता. कुणी काही विचारलं असतं तर माझ्याच्यानेही "हं" एवढंच निघालं असतं. डायनामो तापला, पण वास आला नाही. चढाच्या टोकाच्या वडाशी रस्ता खरोखरच सपाट झाला, तेव्हा मी न उतरता, पाय न टेकता पुढे गेलो, थेट दुकानापर्यंत. तुमच्या सुनेने दारातून पाहिलं आणि तशीच आत वळून चहा टाकला. फौजीने वेल्डिंगची काच डोळ्यांवरून काढली आणि मला पलटणीतला सलाम ठोकला.

घाटाची फेरी पुढच्या आठवड्यात आहे, कवठे महांकाळची त्यानंतर. हे सगळं मी फेऱ्यांच्या वहीत मागच्या पानांवर लिहितोय. ते कुठे पाठवायचं नाही, आणि विहारात वाचून दाखवण्यासारखंही नाही, तेव्हा इथेच राहील.

एकच सांगायचं राहिलं. हा चढ तुमच्यासाठी चढलो, असं मी घरात सांगितलंय. ऐकून तुमच्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मोरीपासून वडापर्यंत, त्या सगळ्या वेळात, आबा, मला तुमची एकदाही आठवण आली नाही.