ढवळायची सळी

प्रिय तराजू,

सात वर्षांनी पत्र, तेही हाताने लिहिलेलं. म्हणजे माझं काहीतरी अडलंय हे तू ओळखलं असशीलच. बाकी बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, जीभ अजून तिखटच. प्रयोगशाळेत आता तुझ्यासारखं तीन-तीनदा वजन कोणी करत नाही. त्यामुळे कामं पटापट होतात, आणि चुकाही.

आपलं मॅग्नेशियम आठवतं ना? हलकं, गुणी, पण खारं पाणी लागलं की पांढरी भुकटी होऊन झडणारं. त्यात चिमूटभर निओडायमियम हा दुर्मिळ धातू मिसळला आणि गंज दहापट कमी झाला. माझ्या दारावरची पाटी त्याच आकड्यावर टांगलेली आहे. तू मात्र भर बैठकीत म्हणालीस, साध्या मॅग्नेशियमचा वितळलेला रस आपण लोखंडी सळीने ढवळला आणि निओडायमियम मिसळलेला ग्राफाइटच्या; लोखंडाचा अंशसुद्धा या धातूला सडवतो, मग ही तुलना कसली? मी म्हटलं, बाईसाहेब घरची पळी इथेही विसरत नाहीत. सगळे खो खो हसले. त्यानंतर तू बैठकीत तोंड उघडलं नाहीस, आणि वर्षाच्या आत नोकरीच सोडलीस.

गेल्या महिन्यात कारखान्यातून आपल्या याच मिश्रधातूची पंपांची झाकणं परत आली, पांढरीफटक. तिथे सरसकट लोखंडी सळीच वापरतात. मी गुपचूप दोन्ही रस ग्राफाइटच्या सळीने ढवळून पुन्हा तपासले. निओडायमियमचा उपयोग होतो, पण दहापट कुठला, जेमतेम दुप्पट. बाकीचा पराक्रम सळीचा. मग जुनी वही काढली. सळीबद्दलची तुझी पेन्सिलीतली नोंद त्या पानावर नाही. असेल कशी? मीच खोडली होती. पण तू दाबून लिहायचीस गं. पान तिरकं धरलं की तुझं अक्षर अजून वाचता येतं.

परवा त्या झाकणांच्या चौकशी समितीने विचारलं, मूळ प्रयोगात ढवळायचं काम कोणाकडे होतं? मी तुझं नाव सांगितलं. खोटं नव्हतं, सळी कोणती घ्यायची ते मी ठरवायचे, एवढंच सांगायचं राहून गेलं. बघ, लिहितानाही पळवाट शोधतेय. राहून नाही गेलं, मी ते गिळलं. या आठवड्यात तुझ्याकडे खुलासा मागणारा कागद येईल. उत्तर लिहीत बसू नकोस, हे पत्रच जोडून दे. सोमवारी मी स्वतः सगळं सांगणार आहे. पण माझ्या धीराचा भरवसा मलाच नाही, म्हणून पुरावा आधी तुझ्या हाती देतेय. पेन्सिलीने नाही, शाईने लिहिलाय.

तुझीच,
जिच्या विनोदावर एकटी तू हसली नाहीस ती